चेटकिणीमागची घंटा

मित्रांनो, मी काशाची एक जुनी घंटा आहे, आणि मी रागावलेली आहे. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून गोड बोलण्याची आशा तुम्ही धरणार नाही. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना सुस्कारे सोडावेत, गेलेल्या दिवसांना ओवाळावं, असा रिवाज आहे. मला तो जमणार नाही. एका भल्या माणसाचा डोळा गेला, एका सरळ बाईवर बोट उठलं, आणि ते सगळं माझ्या आवाजावरून. माझ्या तोंडून खोटं वदवलं आणि वर मलाच मुकं केलं. मग राग येईल नाहीतर काय होईल?

तांबं आणि कथील वितळवून मला ओतलं, ते पिटहेवनच्या कोळ्यांसाठी. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे लहानसं गाव. समुद्रावर धुकं उतरलं, की धक्क्यावरचा माणूस मला बडवत राही आणि हेरिंग मासे भरलेल्या होड्या माझ्या आवाजाचं बोट धरून घरी येत. पुढं बंदरात गाळ भरला, मोठ्या होड्या दुसरीकडं गेल्या आणि मला काढून जाळ्यांच्या खोपटामागं उलटी टाकून दिली. माझ्या पोटात पावसाचं पाणी साचे आणि बदकं ते पीत. तेव्हाही मला राग आला होता, पण तो साधा राग होता. अडगळीत पडलेल्या कुणालाही येतो तसा.

मग एक दिवस चार माणसं हातगाडी घेऊन आली. त्यांनी मला घासलं, धुतलं आणि गावाबाहेरच्या पुळणीवर नेऊन ओकच्या दोन खांबांमध्ये टांगलं.

त्या पुळणीला आमच्याकडं लिंक्स म्हणतात. समुद्र आणि शेतं यांच्यामधली ती वाळूची लांबट पट्टी. तिथं नांगर चालत नाही आणि झाडाचं रोप वारा टिकू देत नाही. टेकाडं, खळगे, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आणि जमिनीला चिकटून वाढलेलं बारीक गवत, एवढंच काय ते. मेंढ्यांनी वाऱ्यापासून लपायला जे खळगे पाडले, त्यांचेच पुढं गोल्फच्या खेळातले वाळूचे खड्डे झाले. ते मैदान कुणी आखलं नाही. वाऱ्यानं घडवलं, मेंढ्यांनी चरलं आणि माणसांनी त्यावर चेंडू मारला. जमीन गावाची. त्यामुळं बेकरीवाला खेळतो, शाळामास्तर खेळतो, मासे साफ करून आलेला माणूस तशाच वासाचे हात घेऊन खेळतो. खेळणाऱ्यांच्या मधून बायका कुत्री फिरवतात, आणि त्यांना कुणी हटकत नाही.

दूरदूरच्या देशांतून लोक इथं खेळायला येतात. त्यांच्या घराजवळ याहून हिरवीगार मैदानं असतात, झाडं असतात, तळी असतात. तरी ते इथं येतात, वाऱ्यानं तोंड फुटेपर्यंत खेळतात आणि खुशीत परत जातात. का, ते मी त्यांच्या बोलण्यातून शिकले. घट्ट जमिनीवर चेंडू पडल्यावर थांबत नाही. तो उड्या मारत जातो, एखाद्या उंचवट्यावरून वळतो, आणि आता संपलं म्हणावं तर पुन्हा उताराला लागतो. चांगला फटका कधी वाया जातो आणि वाईट फटका कधी सोनं होतो. सकाळी ज्या होलला, म्हणजे चेंडू मारायच्या चौथऱ्यापासून तो पाडायच्या भोकापर्यंतच्या पल्ल्याला, एक फटका पुरतो, तिथं दुपारी वारा फिरला की दोन फटके कमी पडतात. हे मैदान कुणाच्या हुकमात राहत नाही. माणसाला त्याच्याशी बोलत, भांडत, नमतं घेत खेळावं लागतं. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस ज्या खळग्यात अडकला, त्याच खळग्यात तुम्ही अडकता, आणि शिव्याही बहुधा त्याच देता.

माझी नेमणूक बाराव्या होलवर झाली. तिथं वाटेत मधोमध वाळूची एक उंच टेकडी आहे. पाठीत वाकलेली, डोक्यावर गवताच्या जटा. तिचं नाव चेटकीण. खेळणारा अलीकडच्या चौथऱ्यावर उभा राहतो तेव्हा त्याला फक्त चेटकीण दिसते आणि तिच्या माथ्यावरचा पांढरा खांब. पलीकडची हिरवळ, होल, झेंडा, तिथली माणसं, काही दिसत नाही. चेंडू टेकडीवरून पलीकडं मारायचा आणि मग चढून बघायला जायचं.

म्हणून मी. पलीकडच्या लोकांनी आपला खेळ संपवायचा, बाजूला व्हायचं, आणि मग दोरी ओढायची. माझा आवाज टेकडीवरून अलीकडं गेला, की तिथं थांबलेल्यानं समजायचं, वाट मोकळी आहे. नियम एकच. हिरवळीवर किंवा आजूबाजूच्या खड्ड्यांत एकही जीव असेल, तर दोरीला हात लावायचा नाही. एवढ्या एका नियमावर पिढ्यांमागून पिढ्या खेळल्या. कुणी कुणाला दिसत नव्हतं, पण माझ्यावर विसंबून सगळे बिनधास्त फटके मारत होते. मित्रांनो, याहून मोठा मान कुठल्या वस्तूला मिळतो, सांगा बरं.

या सगळ्यांत माझी जवळची म्हणजे बेथिया स्पिंक. बंदराजवळ तिची आणि तिच्या बहिणीची हॅडॉक मासे धुरावर धरण्याची भट्टी आहे. आत्याच्या जुन्या काठ्या घेऊन ती लहानपणापासून इथं खेळत आली. साठी उलटली तरी आठवड्यातून तीनदा ती यायचीच. अंगाला धुराचा वास, डोक्याला लोकरीची टोपी, तोंड कायम चालू. तिच्याबरोबर बहुतेक वेळा अलेक स्मीटन असायचा. तो या मैदानाचा माळी. हिरवळ राखणं, खड्डे सारखे करणं, माझ्या दोरीला तेल लावणं, सगळं त्याच्याकडं. दोघं एकाच गल्लीतले, आणि रोज भांडल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नसे.

फटका मारल्यावर बेथिया चेटकिणीवर अगदी सावकाश चढायची. अलेक वरून ओरडायचा, "अगं ये की भरभर, मागं लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. वर पोचेपर्यंत माझा चेंडू होलात आहे."

"आणि वर पोचल्यावर काट्यांत असतो."

"ते पोचल्यावर ना, अलेक. एवढा वेळ सुखानं जगायला दुसरीकडं कुठं मिळतो मला? भट्टीत?"

त्या दोघांचे आवाज माझ्याकडं येत, मग चेंडू होलात पडल्याचा आवाज, मग अलेकची कुरकुर, आणि मग बेथियाचा दणकट हात दोरीवर. तिच्या हातानं मी फार छान वाजायची.

रॉडरिक हॅलिबर्टन शहरातून आमच्या गावात राहायला आला. घरं बांधण्याचा त्याचा धंदा होता. माणूस हसतमुख, पोशाख झकपक, बोलणं लाघवी. इथल्या खेळणाऱ्यांच्या क्लबचा कॅप्टन, म्हणजे अध्यक्ष, व्हायला त्याला फार वेळ लागला नाही. त्याला चेटकीण खुपायची. पाहुण्यांचे चेंडू हरवतात, त्यांना डोळ्यांनी बघून खेळायला आवडतं, ही टेकडी कापली तर बारावा होल किती देखणा होईल, असं तो समितीत पुन्हा पुन्हा मांडायचा. लोक हसून सोडून द्यायचे. बेथिया तर एकदा त्याला तोंडावर म्हणाली होती, "कॅप्टन, उद्या समुद्र ओला आहे म्हणूनही तक्रार कराल." त्यानं ते हसण्यावारी नेलं, पण विसरला नसावा.

ऑगस्टमधल्या एका दुपारी तो तीन पाहुणे घेऊन बाराव्यावर आला. नॉर्वेचे होते ते. त्यांतला एक, आइनार लुंडे नावाचा दातांचा डॉक्टर, पहिल्या होलपासून खुळावल्यासारखा झाला होता. गवताला हात लावून बघत होता, वाऱ्याकडं तोंड करून उभा राहत होता. हिरवळीच्या कडेच्या खोल खड्ड्यात अलेक वाकून हातातल्या मशीननं गवताची कड कापत होता. मशीनचा आवाज मोठा, म्हणून त्यानं कानांवर जाड झाकणं घातली होती. हॅलिबर्टन खड्ड्याच्या काठाशी गेला, तेव्हा अलेकनं एक झाकण उचललं.

"आम्ही निघालो, अलेक. तुझं झालं की तूच वाजव."

"बरं," अलेक म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. जे पुढं झालं तेही ऐकलं. लुंडे माझ्याजवळ आला, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि विचारलं, "ही अजून वाजते?"

"वाजते तर. ओढा की."

"पण तो खाली काम करणारा माणूस वाजवणार आहे ना..."

"तो निघालाच आहे. ओढा, जोरात ओढा. आठवण राहील तुम्हाला," हॅलिबर्टन म्हणाला.

लुंडेनं ओढली. परका, प्रामाणिक, हौशी हात होता तो. माझ्याकडं दुसरा काही इलाज नसतो, मित्रांनो. दोरी ओढली की मला वाजावं लागतं. मी वाजले. 'या, वाट मोकळी आहे,' असं टेकडीपलीकडं सांगितलं. आणि वाट मोकळी नव्हती.

ते चौघं हसत पुढच्या होलकडं निघून गेले. त्याच वेळी अलेकनं मशीन बंद केलं, ते बाहेर ठेवलं आणि खड्ड्याच्या काठावर चढला. वरून चेंडू आला. त्याचा जो आवाज झाला, तो मी तुम्हाला सांगणार नाही.

अलीकडच्या चौथऱ्यावर बेथिया होती. त्या दिवशी एकटीच खेळत होती. तिनं माझा आवाज ऐकला आणि फटका मारला. नेहमीसारखी ती सावकाश चढून आली. माथ्यावर पोचली, खाली बघितलं, आणि मग मात्र त्या बाईला मी धावताना पहिल्यांदा पाहिलं.

अलेकचा डावा डोळा गेला.

मी हॅलिबर्टनला राक्षस म्हणणार नाही. माणूस राक्षस असता तर मला कमी राग आला असता. बेथियाच्या हाका ऐकून तो परत आला, अलेकला उचलायला त्यानं हात लावला, त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. पाहुण्यांना विमान गाठायचं होतं. 'एक माणूस पाय घसरून पडला, काळजी नको,' असं सांगून त्यानं त्यांना वाटेला लावलं. तिथंच जर तो म्हणाला असता, की घंटा आमच्या हातून वाजली, चूक झाली, तर सगळं तिथंच मिटलं असतं. अलेक तसा माणूस आहे. बेथियाही. पण तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, घंटा वाजली होती का, तर तो म्हणाला, "मी तरी नाही ऐकली." तिसऱ्या दिवशी त्याचं झालं, "वाजलीच नाही." खोट्याचं तसंच असतं. पहिलं पाऊल घसरून पडतं, पुढची माणूस आपणहून टाकतो.

मग गोष्टी भराभर झाल्या. बेथियानं घंटेची वाट न बघता फटका मारला, असं ठरलं. तिला खेळायची बंदी झाली. टेकडीआड न दिसणारा असा आंधळा होल धोक्याचा आहे, टेकडी कापलीच पाहिजे, असाही ठराव झाला, आणि या वेळी कुणी हसलं नाही. आणि मी? मला खांबांवरून उतरवलं. क्लबच्या मोठ्या खोलीत शेकोटीच्या वर शोभेला टांगलं. पिऊन कुणी वाजवत बसेल म्हणून माझ्या आतला लोलक काढून टाकला. माझी जीभ काढली हो. अंगाला पॉलिश केलं, खाली दिवा लावला, आणि जीभ काढली.

त्या खोलीत मी एक अख्खा हिवाळा काढला. ज्या माणसानं माझ्याकडून खोटं वदवलं, तो रोज माझ्या खाली बसून सूप प्यायचा. पाहुणे विचारायचे, "ही कसली घंटा?" तो सांगायचा, "बाराव्यावरची. ऐकू येत नसे नीट, म्हणून एक अपघात झाला." मला ऐकू येत नसे! धुक्यातल्या होड्यांना मी भर समुद्रात ऐकू गेले होते. मी नुसती लोंबकळत ऐकत राहायची. राग मुका असला म्हणजे तो किती जड होतो, हे तेव्हा कळलं.

एकदा अलेक आला. डोळ्यावर काळी पट्टी. शेकोटीजवळ बसून त्यानं चहा मागवला. क्लबचं स्वयंपाकघर जेसी टलक सांभाळते. तिनं चहाबरोबर लोणी लावलेला गरम पाव ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. थोड्या वेळानं दार उघडून बेथिया आत आली. तिला खेळायला बंदी होती, आत यायला नव्हती. तरी खोलीतली कुजबुज बंद पडली.

ती सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली. "कसा आहेस?"

"बरा आहे. जिना उतरताना चुकतो अजून."

"वाजली होती, अलेक."

त्यानं कपात बघितलं. "माझ्या कानांवर झाकणं होती, बेथी. मला काय सांगता येणार? तू म्हणतेस तर वाजली असेल."

"असेल नको. वाजली होती."

"कॅप्टन म्हणतो..."

"कॅप्टन काय म्हणतो ते गावानं ऐकलंय. मी तुला विचारतेय. पन्नास वर्षं मला ओळखतोस. घंटेआधी मी कधी मारला होता?"

अलेकनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "कधीच नाही."

"मग?"

"पण माणूस एकदा तरी चुकतोच, बेथी."

बेथिया उठली. तिच्या चेहऱ्यावर रागही दिसेना, तेव्हा मला धडकी भरली. "पाव खा," एवढंच म्हणाली, "गार होतोय," आणि निघून गेली. त्या क्षणी माझ्या पोटात जीभ असती, तर मी त्या छताच्या ठिकऱ्या केल्या असत्या.

हिवाळा सरता सरता माती उपसणारं पिवळं यंत्र आलं आणि चेटकिणीचा एक खांदा उतरवून गेलं. ते मी पाहिलं नाही, पण खिडकीच्या काचा हादरत होत्या. जेसी भांडी विसळता विसळता म्हणाली, "वाऱ्यानं हजार वर्षं घालवली हिला उभं करायला. यांनी जेवणाच्या सुट्टीआधी पाडली." उरलेलं काम पावसामुळं थांबलं होतं.

एप्रिलमध्ये, दुपारच्या जेवणाच्या वेळी, दारातून एक उंच माणूस आत आला. बरोबर बायको. आइनार लुंडे. या वेळी तो कुणाचा पाहुणा नव्हता. इथलं मैदान त्याच्या डोक्यातून जाईना, म्हणून सुट्टी काढून स्वतःच आला होता. हॅलिबर्टन समितीच्या दोघांबरोबर खिडकीशी बसला होता, त्याची पाठ होती. लुंडेनं जेसीकडून सूप घेतलं, वळला, आणि त्याची नजर माझ्यावर पडली. त्याचा चेहरा उजळला.

"ही बघ," तो बायकोला म्हणाला. "हीच ती. मी सांगितलं होतं ना, मी वाजवली ती." मग जेसीला, "पण ही इथं कशी? टेकडीमागं होती. मीच वाजवली होती हिला, गेल्या ऑगस्टमध्ये."

जेसीच्या हातातला डाव तसाच राहिला. "कधी वाजवली म्हणालात?"

"आम्ही परत निघालो त्याच दुपारी. कॅप्टन म्हणाले, ओढा. खाली खड्ड्यात एक जण मशीन चालवत होता, खरं तर तो वाजवणार होता. पण मला हौस." तो हसला. मग त्याला दिसलं, की खोलीत कुणीच हसत नाही. "काय झालं? मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही," जेसी म्हणाली. "तुम्ही बसा. कॅप्टन, इकडं बघता का जरा? तुमचे पाहुणे आलेत."

हॅलिबर्टन वळला. जेसीनं लुंडेला सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर, एकही शब्द न गाळता. लुंडेनं वाडगा टेबलावर ठेवला. सूपला त्यानं हात लावला नाही. "तो कुठं राहतो?" एवढंच त्यानं विचारलं. जेसीनं एप्रन काढला आणि त्याला स्वतः अलेकच्या घरी घेऊन गेली. हॅलिबर्टन मागच्या दारानं निघून गेला. टेबलावर त्याचं सूप अर्धं राहिलं होतं.

अलेकच्या घरी काय बोलणं झालं, ते मला जेसीकडून कळलं. लुंडे दारातच म्हणाला, "ती दोरी मी ओढली होती." अलेकनं त्याला आत घेतलं, बसवलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "म्हणजे वाजली होती?" उत्तर ऐकल्यावर त्याला लुंडेकडं बघवेना. तो तसाच उठला, कोट न घालता बंदरावर गेला आणि भट्टीच्या दारात उभा राहिला. बेथिया मासे टांगत होती. तो तिला काय म्हणाला, हे गावात कुणाला माहीत नाही. पण ती त्याला म्हणाली ते मात्र बहिणीनं ऐकलं. "दार लाव. धूर बाहेर जातोय."

आठ दिवसांनी त्याच खोलीत सभा भरली. हॅलिबर्टन आला नव्हता. उपकॅप्टननं वाचून दाखवलं, की प्रकृतीच्या कारणामुळं कॅप्टननी पद सोडलं आहे, त्यांच्या सेवेबद्दल क्लब आभारी आहे. आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयीनं, सभ्यपणानं. माझ्या खाली बसून.

बेथिया उभी राहिली. "प्रकृती? कुणाची?"

टाळ्या थांबल्या.

"डोळा अलेकचा गेला. झोप माझी गेली. खांदा त्या टेकडीचा गेला. आणि प्रकृती यांची बिघडली होय?"

उपकॅप्टन म्हणाला, "मिसेस स्पिंक, झाल्या गोष्टीचा आम्हाला खेद आहे. तुमच्यावरची बंदी उठवली आहे. आता वाढवण्यात काय अर्थ?"

"खेद तुम्हाला आता झाला. मी सांगत होते तेव्हा तुम्ही सगळे याच खुर्च्यांवर होतात. एकानं तरी विचारलं होतं का, की बाई खरं बोलत असेल तर? तो एकटा खोटं बोलला, पण ते पचवलं तुम्ही. लिहा हे तुमच्या कागदावर. प्रकृती नका लिहू."

शेवटी जुना शाळामास्तर उठला आणि म्हणाला, "लिहा. ती म्हणते तसंच लिहा." आणि तसंच लिहिलं गेलं.

टेकडी कापण्याचं काम रद्द झालं. गावातले लोक येऊन चेटकिणीच्या जखमेवर गवताची रोपं लावून गेले. वारा त्यातली निम्मी उपटून नेतो, ते पुन्हा लावतात. खांदा मात्र परत येणार नाही. मला खाली उतरवलं. माझा जुना लोलक कुठं फेकला ते कुणालाच सापडलं नाही, म्हणून लोहारानं नवा केला. माझा आवाज आता थोडा घोगरा लागतो. अलेकनं मला खांबांवर टांगलं, दोरीला तेल लावलं. लोक म्हणाले, झालं, सगळं पहिल्यासारखं झालं.

नाही झालं. मी रोज बघते ना.

बेथिया पुन्हा खेळायला लागली आहे. अलेक एका डोळ्यानं खेळतो आणि पूर्वीपेक्षा जास्त कुरकुर करतो. परवा तो पुढं होता आणि ती मागून एकटी येत होती. त्यानं आपला खेळ संपवला, चारी खड्डे वाकून बघितले, बाजूला झाला आणि मला वाजवलं. मी वाजले, अगदी खरं वाजले. चेंडू आला नाही. थोड्या वेळानं टेकडीच्या माथ्यावर लोकरीची टोपी दिसली. बेथिया फटका न मारता, खेळायची काठी खालीच ठेवून चढून आली होती. तिनं हिरवळ पाहिली, खड्डे पाहिले, मला पाहिलं, आणि ती परत खाली उतरायला वळली.

"अगं, मी वाजवली ना," अलेक ओरडला. "माझ्यावर तरी विश्वास ठेव."

"तुझ्यावर आहे."

"मग चढलीस कशाला?"

"घंटेवर नाही," ती म्हणाली, आणि उतरून गेली.

ती दर वेळी चढते. तिचं चुकत नाही. मी तिच्याशी एकदा खोटं बोलले आहे, आणि मी का बोलले हे तिला ठाऊक असलं तरी तिच्या पायांना ते पटत नाही. म्हणून माझा राग निवत नाही, मित्रांनो. डोळा गेला, टेकडी कापली, ते सगळं दिसतं तरी. हे कुणाला दिसत नाही.

तुम्ही कधी आलात इकडं, तर जरूर खेळा. वारा खा, चेंडू हरवा, चेटकिणीला शिव्या द्या. पण माझ्या दोरीला हात घालण्याआधी मागं वळा आणि प्रत्येक खड्ड्यात डोकावून बघा. कुणी सोबती म्हणेल, 'ओढ रे, काय होतंय?' त्याचा हात बाजूला सारा. आणि तरीही चूक झालीच, तर पळत या, आणि सगळ्यांच्या आधी तुम्हीच सांगा, की दोरी मी ओढली. मला ते सांगता येत नाही. मी फक्त वाजते.